पाणी आले म्हणून दाबलेले आगीचे बटण

दि. ११ फेब्रुवारी २००८
वणी, जि. यवतमाळ

प्रति,
मा. मुख्य अधिकारी (संगणक व शिस्त),
मनोविहार चित्रगृह समूह,
मुख्य कार्यालय, नागपूर.

अर्जदार : सौ. दीपमाला अतुल नगराळे, बुकिंग क्लार्क (सध्या निलंबित), मधुमालती टॉकीज, वणी.

विषय : आग लागलेली नसताना आगीचे बटण दाबल्याबद्दल खुलासा, तसेच तिकीट खिडकीच्या संगणकावरील निरोप व इंटरनेट पूर्ववत सुरू करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) तिकीट संगणकांवर निरोपांची देवाणघेवाण व इंटरनेट यांना मनाई करणारा आपला दिवाळीआधीचा आदेश.
२) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

आपली नोटीस मिळाली. तीत प्रश्न एकच आहे, की आग लागली नसताना आगीचे बटण का दाबले. खुलासा एका ओळीत द्यावा, असेही म्हटले आहे. एका ओळीतला खुलासा असा, की पाणी आले होते. एवढ्याने आपले समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे. माझेही होत नाही, म्हणून पुढचे सविस्तर लिहीत आहे.

१. प्रथम हा अर्ज टपालाने का येत आहे, ते सांगते, नाहीतर त्याबद्दल वेगळी नोटीस यायची. संदर्भ क्र. १ च्या आदेशानुसार संगणकाविषयीची प्रत्येक विनंती कंपनीच्या वेबसाइटवरून, आणि तीही स्वतःच्या नेमून दिलेल्या संगणकावरूनच करायची आहे. माझ्या नेमून दिलेल्या संगणकावर त्याच आदेशाने इंटरनेट बंद झाले आहे, त्यामुळे कंपनीची वेबसाइटही उघडत नाही. मी टिळक चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन विनंती पाठवली. उत्तर आले की, ही विनंती परक्या संगणकावरून आल्यामुळे विचारात घेता येत नाही, कृपया आपल्या संगणकावरून पाठवावी. मी पुन्हा कॅफेत जाऊन कळवले की माझ्या संगणकावरून जात नाही, हीच तर तक्रार आहे. त्यावर पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा मी गेले नाही. भिंतीशी बोलायचे तर घरच्या भिंती काय वाईट?

२. आपण आमची टॉकीज पाहिलेली नाही, म्हणून थोडे इथले सांगणे भाग आहे. मधुमालती टॉकीजची तिकीट खिडकी रस्त्याकडे आहे आणि रस्त्यापलीकडे कापूस खरेदीचे आवार आहे. हंगामात तिथे बैलगाड्यांची रांग लागते. ज्याला जो क्रमांक मिळाला तो भोंग्यावरून पुकारला जाईपर्यंत गाडीवाल्याने थांबायचे. कधी एक दिवस, कधी तीन. क्रमांक पुकारला आणि माणूस हजर नसला, की त्याची गाडी रांगेच्या शेपटाला जाते.

माणूस किती वेळ बैलाच्या तोंडाकडे बघत बसेल? म्हणून या गावात जुनी रीत आहे. चारदोन गाडीवाले मिळून एकाला राखणीला बसवतात आणि बाकीचे दुपारचा खेळ बघायला येतात. भोंगा खिडकीवर स्वच्छ ऐकू येतो, हॉलमध्ये अजिबात येत नाही. तिथे मोबाइलला रेंजही नाही आणि बहुतेकांकडे मोबाइलही नाही. म्हणून तिकीट घेताना गाडीवाला आपला क्रमांक खिडकीवर सांगून ठेवतो. तो पुकारला, की टॉकीजने त्याला आतून बोलवायचे. जुन्या मालकांच्या काळी डोअरकीपर पाटीवर आकडा लिहून पडद्याजवळ उभा राहायचा. "प्रेक्षकांचा रसभंग होतो" म्हणून कंपनीने पाटी बंद केली. ते मला पटले होते, हे मुद्दाम नमूद करते. मी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारी बाई नाही.

३. उलट कंपनीने संगणक आणला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. मी एम.एस.-सी.आय.टी. झालेली आहे. कोणत्या आसनावर कोण बसला हे संगणकात दिसायचे. भोंगा वाजला, की मी दारावरच्या संगणकाला निरोप द्यायची, आणि आमचे डोअरकीपर श्री. भावसिंग आडे पायाशी टॉर्च धरून बरोबर त्या खुर्चीपाशी जायचे. शेजारच्यालाही पत्ता लागत नसे. इंटरनेटवर मी सकाळी हवामान बघायची आणि दराच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवायची, आज आभाळ कसे राहील ते. गाडीवाले तिकीट घेण्याआधी तो कोपरा वाचत. आभाळाचे लिहिले असले, तर ताडपत्री बांधूनच येत. वर्षभर एकाही गाडीचा नंबर हुकला नाही. हा उपयोग खाजगी की कंपनीचा, हे आपण ठरवावे, पण ते लोक तिकीट काढूनच आत बसत होते.

४. मग आपला मनाईचा आदेश आला. कंपनीच्या दुसऱ्या एका शहरातल्या टॉकीजमध्ये खिडकीवरचे एक गृहस्थ तिकीट संगणकावर लग्नासाठी मुली बघत बसले, रांग खोळंबली आणि प्रकरण वर गेले, असे कळले. त्या गृहस्थांचे लग्न जमले की नाही ते माहीत नाही. आमचे निरोप मात्र बंद झाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, यापेक्षा वेगळे काय म्हणावे?

निरोपांऐवजी आपण पाच तयार बटणे दिलीत : "खेळ पूर्ण भरला", "हॉल स्वच्छ करा", "तांत्रिक अडचण", "पॉपकॉर्न संपले" आणि "आग". चित्रपटगृहात याखेरीज काही घडत नाही, असे आपल्या विभागाचे मत दिसते. "बाहेर बोलवा" असे बटण नाही. एखाद्याला आतून बोलवावे लागते, हे कुणाच्या डोक्यातच आले नसावे.

यावर "उठून दारापर्यंत जाऊन सांगावे" असे आपण म्हणाल. रोकड सुरक्षित राहावी म्हणून खेळ सुरू असताना खिडकीच्या खोलीला बाहेरून कुलूप लावायचे, हा आपलाच नियम आहे, आणि किल्ली व्यवस्थापक श्री. पंजाबराव यांच्या खिशात असते. पंजाबराव हे सज्जन गृहस्थ आहेत, पण दुपारी जेवायला घरी जातात आणि किल्ली त्यांच्याबरोबर जाते.

५. निरोप बंद झाल्यावर पहिला फटका धुरपताबाईंना बसला. त्या मारेगावकडून एकट्या गाडी घेऊन येतात. नवरा नाही, मुलगा लहान. त्यांचा क्रमांक पुकारला तेव्हा त्या आत होत्या आणि मी आत बंद, म्हणजे दोघीही आतच. मी काचेवर हात आपटले. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने हसून हात हलवला. धुरपताबाई बाहेर आल्या तोवर गाडी शेपटाला गेली होती. ती रात्र त्यांनी थंडीत गाडीखाली काढली. सकाळी खिडकीवर येऊन एवढेच म्हणाल्या, "बाई, तुमच्या भरोशावर बसलो होतो." भांडल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

६. त्यानंतर मी जे केले ते नियमात बसत नाही, आणि ते मी लपवत नाही. पॉपकॉर्नचे बटण दारावरही वाजते आणि कॅन्टीनमध्येही. मी भावसिंगभाऊंना सांगितले, की हे बटण वाजले की जिना उतरून खिडकीशी यायचे, मी नंबर सांगीन. कॅन्टीनवाल्या बिजलीबाईंना सांगितले, की तुम्ही लक्ष देऊ नका. काम सुरळीत सुरू झाले. धुरपताबाई पुढच्या खेपेला वेळेवर वजनकाट्यावर पोहोचल्या.

परंतु तेच बटण नागपूरलाही वाजते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. वणीत दर दुपारी पुन्हापुन्हा पॉपकॉर्न संपतात, हे पाहून मुख्य कार्यालयाने आमचे अभिनंदन करणारे पत्र पाठवले आणि पाठोपाठ मक्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक. पोती कॅन्टीनमध्ये मावेनात, म्हणून जिन्याखाली ठेवली, तिथे मावेनात म्हणून स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या बोळात. बायका आडव्या होऊन जाऊ लागल्या. मग पोती आहेत तर विक्री का नाही, असे दुसरे पत्र आले. पंजाबरावांनी खरे कारण कळवले. उत्तरादाखल आपण "पॉपकॉर्न संपले" हे बटण वणीपुरते काढून टाकले. मका मात्र परत नेला नाही. तो अजून बोळात आहे आणि त्याला उंदीर लागले आहेत. उंदरांसाठी कोणते बटण दाबावे, तेही कळवावे.

७. आता त्या दिवसाचे. दुपारचा खेळ निम्मा झाला होता. आत निम्म्याहून अधिक गाडीवाले होते, ज्यांचे क्रमांक दुसऱ्या दिवशी यायचे होते असे. पौषाच्या महिन्यात कुणाच्या मनात पाऊस नसतो, आणि इंटरनेट नसल्यामुळे फळ्याचा कोपरा दिवाळीपासून कोराच होता. चिखलगावच्या बाजूने आभाळ काळे होत आलेले मला खिडकीतून दिसले. वारा सुटला, रस्त्यावरचा पाचोळा उठला आणि टपोरे थेंब पडू लागले. समोर गाड्यांची रांग, गाड्यांत मोकळा कापूस, ताडपत्र्या घड्या करून जुवाखाली ठेवलेल्या. कापूस भिजला, तर काट्यावर कुणी हात लावत नाही, हे आपल्याला नागपुरात सांगायला नको. वर्षाची मेहनत रस्त्यावर उघडी होती आणि ज्यांची ती होती, ते आत अंधारात बसून गाणे बघत होते.

मी पंजाबरावांच्या घरी फोन लावला. ते आंघोळीला गेले होते. मी ओरडले, पण थेंब पडताच रस्ता रिकामा झाला होता. टॉकीजच्या भिंती जुन्या काळच्या आहेत, चांगल्या जाड. नंतर मी "तांत्रिक अडचण" दाबले. ऑपरेटर डोंगरसिंग यांनी यंत्र तपासले, यंत्र ठीक होते, ते परत बसले. "हॉल स्वच्छ करा" दाबले. झाडणाऱ्या नलूबाईंनी खेळ संपायची वाट पाहत झाडू हातात घेऊन ठेवला. "खेळ पूर्ण भरला" हे मी दाबले नाही, कारण ते दाबले की डोअरकीपरने दारे घट्ट लावून घ्यायची असतात. उरले एकच.

मी ते दाबले. चुकून नाही, घाबरून नाही, विचार करून दाबले.

८. हॉलमधले दिवे लागले, खेळ थांबला, दारे उघडली. नोटिशीत "चेंगराचेंगरीची शक्यता निर्माण केली" असे म्हटले आहे. शक्यता होती, हे मी मान्य करते, आणि रात्री डोळा लागत नाही तो त्याच विचाराने. तसे झाले नाही, कारण भावसिंगभाऊंनी दार उघडताच बाहेरचा पाऊस पाहिला आणि त्यांना माझे म्हणणे न सांगता कळले. ते दारात आडवे उभे राहून शांतपणे म्हणाले, "भाऊ हो, आग नाही लागली, पानी आलं. बाया-पोरं बसून ऱ्हा. गाडीवाले तेवढे निंगा, गाड्या झाका अन् मंग या." लोक ओळीने बाहेर पडले आणि रस्त्यावर आल्यावर धावले. धुरपताबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. पाऊस जोराचा होईपर्यंत रांगेवर ताडपत्र्या चढल्या होत्या. नंतर ओले लोक परत येऊन आपापल्या जागी बसले, आणि डोंगरसिंग यांनी गाणे पुन्हा पहिल्यापासून दाखवले. कुणाला खरचटलेही नाही. प्रेक्षकांपैकी कुणी तक्रार केलेली नाही. तक्रार फक्त बटणाने केली.

९. नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदाने मला सर्वांत जास्त वाईट वाटले. त्यात म्हटले आहे, की त्या रांगेत अर्जदाराच्या सासऱ्यांची गाडी होती, सबब हे कृत्य स्वतःच्या कुटुंबाच्या फायद्यासाठी केले.

गाडी होती. माझे सासरे श्री. नागोराव नगराळे त्या दिवशी राखणीला बसले होते. ते सिनेमा बघत नाहीत, म्हणून राखण नेहमी त्यांच्याकडे येते. पाऊस आला तेव्हा ते एकटे होते आणि गाड्या पुष्कळ. राखणीचा एक नियम आहे, तो कुठल्या आदेशात लिहिलेला नाही. राखणदाराने आधी लोकांच्या गाड्या झाकायच्या, आपली शेवटी. ते दुसऱ्या टोकापासून झाकत येत होते. आतले लोक धावत आले, त्यांनी उरलेल्या आपापल्या गाड्या झाकल्या. आमच्या गाडीकडे बघायला आमचे कुणीच नव्हते. माझे यजमान अतुल कोळसा खाणीवर ट्रकवर होते आणि मी कुलपात. सासरे पोहोचले तेव्हा कापूस खालपर्यंत भिजला होता. त्या रांगेत भिजलेली गाडी एकच, ती आमची.

मी त्यांना घरी रागाने विचारले, की निदान आपल्या गाडीवर घोंगडी तरी टाकायची. ते म्हणाले, "पोरी, लोकाइच्या गाड्या राखाले बसलो होतो मी. आपली आधी झाकली असती, त मंग ते राखण कायची?" त्यावर आपल्या विभागाला काही बोलता आले, तर मला कळवावे.

१०. आणखी एक गोष्ट लेखी मांडते, म्हणजे ती नाकारता येणार नाही. मुख्य कार्यालयातून आलेल्या साहेबांनी एक टंकलेला कागद माझ्यापुढे ठेवला. डोअरकीपर भावसिंग आडे यांनी मला बटण दाबण्यास सांगितले, अशा अर्थाचा तो जबाब होता. सही केली तर माझे निलंबन उठेल, असे ते म्हणाले. भावसिंगभाऊ दारावर होते, मी खोलीत बंद होते, आणि आमच्यात निरोपाची सोय आपण स्वतःच बंद केली होती. मग त्यांनी मला सांगितले कसे, हे मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, तो तांत्रिक मुद्दा आहे. मी सही केलेली नाही. करणार नाही. कापूस गेल्यावर घरात माझ्याच पगाराचा आधार आहे, हे त्यांना माहीत होते म्हणूनच त्यांनी कागद काढला, असे मला वाटते. नोकरी मला हवी आहे, फार हवी आहे. पण ज्या माणसाने दारात उभे राहून माझी चूक निस्तरली, त्याच्याच गळ्यात ती बांधून मला खिडकीत बसता यायचे नाही.

११. याच ओघात एक शंका. खेळ चालू असताना टॉकीजला खरीच आग लागली, तर बटण मी दाबीन, दिवे लागतील, दारे उघडतील, सगळे बाहेर पडतील. बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीतून मी कसे बाहेर पडावे, याबद्दल आदेशात काही आढळले नाही. पाने चाळताना माझ्याकडून नजरचूक झाली असल्यास क्षमा असावी.

१२. तरी विनंती अशी : मला कामावर परत घ्यावे. श्री. भावसिंग आडे यांच्यावर काही कारवाई होऊ नये, कारण जे केले ते मी केले. इंटरनेट सगळे नको, सकाळी हवामानाचे एक पान उघडले तरी पुरे. मला लग्नासाठी कुणी बघायचे नाही, माझे झालेले आहे. आणि निरोप सुरू करणे धोरणात बसत नसेल, तर "बाहेर बोलवा" एवढे एक बटण द्यावे. पॉपकॉर्नची जागा रिकामीच आहे.

पहिली विनंती अमान्य झाली, तर शेवटची तरी मान्य करावी, असे मनापासून लिहिते. कारण हंगाम अजून संपलेला नाही, गाड्या रोज येत आहेत, आणि माझ्या जागी आपण रुपालीला बसवले आहे. मुलगी नवी आहे, हुशार आहे, दुपारी तीही कुलपात असते. काल पुन्हा आभाळ भरून आले. तिने संध्याकाळी घरी येऊन मला विचारले, की ताई, पाऊस आला तर कोणते बटण दाबायचे?

मी तिला सांगितले आहे. दुसरे सांगण्यासारखे आपण काही ठेवलेले नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
खिडकीबाहेर उभी असलेली आपली कर्मचारी,

(सही)
सौ. दीपमाला अतुल नगराळे

सोबत :
१) कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
२) सही न केलेला जबाब, मूळ कागद.
३) आमच्या गाडीतील कापूस, एक मूठ. वाळवून पाठवला आहे, तरी पिवळा पडला आहे व वास येतो. पुरावा म्हणून नोंदवून घ्यावा. परत पाठवण्याची आवश्यकता नाही, घरी पुष्कळ आहे.

प्रत माहितीसाठी : श्री. पंजाबराव, व्यवस्थापक, मधुमालती टॉकीज, वणी. (किल्लीसंबंधी मुद्दा क्र. ११ पाहावा.)